कमरेत वाकणारं मशीन, पुढे पाच अवजारं आणि ऑपरेटरला हात दोनच

खटपट्या

मंडळी, धागा जरा तांत्रिक आहे. पण इथे ट्रॅक्टर-जेसीबी चालवणारे, बाळगणारे आणि उघडून बसणारे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथेच काढतोय.

आम्ही भोसरीत एक छोटं आर्टिक्युलेटेड यंत्र तयार करतोय. म्हणजे याची पुढची चाकं वळत नाहीत, अख्खी चेसिसच मधल्या सांध्यात वाकते. मोठे व्हील लोडर वाकतात तसंच, फक्त इंजिन 30 हॉर्सपॉवरच्या आसपास. मागची चाकं पुढच्यांच्याच मागावरून येतात, त्यामुळे अरुंद बोळात वळतं आणि हिरवळ खरवडत नाही. गोठे, सोसायट्या, नगरपालिका, पॉलिहाऊस हे गिऱ्हाईक डोळ्यापुढे आहे. पुढच्या हिचला बकेट, फोर्क, फिरता झाडू, खड्डे घेणारा ऑगर, गवत कापायचा डेक, यांतलं काहीही लागतं. चाकं हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या) मोटरवर, म्हणजे क्लच-गिअरची भानगड नाही.

यंत्र धड चालतं. गोची आहे ती ऑपरेटरच्या पुढ्यात. उजव्या हाताशी एका रांगेत पाच लिव्हर: बूम (बकेट उचलणारा बाहू), बकेट, जादा हायड्रॉलिक (पुढच्या अवजाराला जाणारं तेल), पीटीओ (इंजिनाची फिरती गती अवजाराला देणारा जोड) आणि हाताचा ॲक्सिलरेटर. पाचही सारखे, वर काळे गोल बोंड. पायाशी पुढे-मागे जायला एकच सी-सॉ पॅडल. चवडा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे.

आमच्या मालकांचं म्हणणं, सगळं एका जॉयस्टिकमध्ये घाला, दिसायलाही भारी. माझं मन घेत नाही. लिव्हर कमी केले म्हणजे चालवणं सोपं झालं, असं खरंच असतं का? ज्यांचे हात या धंद्यात काळे झालेत त्यांनी बोला.

माणदेशी

भाऊ, मालकाला सांगा, भारी दिसायचं शोरूममधी. रानात ऑपरेटर बदलला की खरं कळतंय.

माझ्याकडं दोन बॅको (मागं खोदायचा हात असलेली जेसीबी) हायत. एकाचं मागचं दांडं अधिकच्या चिन्हागत चालत्यात, सरळ पुढं-मागं अन् आडवं. दुसऱ्याचं फुलीगत, तिरपं. दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर. पण पोरगं ह्याच्यावरनं उठून त्याच्यावर बसलं की बूम उचलायला जातंय अन् बकेट उघडतंय. निवांत असलं तर चुकत नाही. खाली हेल्पर उभा, मालक बोंबलतोय, ट्रॅक्टर खोळंबलाय, अशा टायमाला हात जुन्या सवयीनंच जातोय. म्हणून नवीन कायतरी डोकं लढवायच्या आधी बघा, तुमच्या मशीनवर बसणारा माणूस कुठल्या मशीनवरनं येणार हाय.

दुसरं. माझा ऑपरेटर झारखंडचा, लई हुशार माणूस. दांड्याशेजारी इंग्रजीत चिकटवलेलं त्याच्या काय कामाचं? अन् स्टिकर तर डिझेल-ग्रीसनं एका पावसाळ्यात जातंय. त्यानं ब्रेकरच्या (दगड फोडायच्या अवजाराच्या) दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय. मान न वळवता हाताला कळतंय.

तिसरं, पॅडल चपलेत चालवून बघा. तुम्ही लोक सेफ्टी शूज घालून डिझाईन करता. चिखलाची चप्पल त्या सी-सॉवरनं सटकली, टाच टेकली, की मशीन मागं. मागं कोण उभं हाय ते नशीब.

अदिती_क

माणदेशी दादा, तुमच्या ऑपरेटरनं ट्यूबची पट्टी गुंडाळून जे केलं त्यावर आमच्या विषयातलं एक अख्खं प्रकरण उभं आहे. (मी औद्योगिक डिझाईन शिकवते.)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं धावपट्टीवर उतरल्यानंतर पोटावर बसायची. वैमानिक पंखांचे फ्लॅप आत घ्यायला जायचा आणि चाकंच आत घ्यायचा. अल्फॉन्स चपानीस या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारीशेजारी आणि दिसायला एकसारखे. त्यानं एकाच्या टोकाला रबरी चाक लावलं आणि दुसऱ्याला पाचरीसारखा फ्लॅपचा आकार दिला. पुढे 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या तथाकथित चुकांचे 460 अनुभव तपासले. त्यांत सर्वांत मोठा गट याच प्रकारचा निघाला: हवा होता एक कंट्रोल, हात गेला दुसऱ्यावर. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरला चाकाचाच आकार द्यावा लागतो, तसा नियम आहे.

आता खटपट्या, तुमचे पाच काळे बोंड. तुम्ही ते बी-17 च्याही पुढे नेलंय, तिथे दोनच होते.

पण आकार बदलणं ही मलमपट्टी झाली. त्याआधीचा प्रश्न असा, की हे पाच एका रांगेत का आहेत? बूम आणि बकेट दर सेकंदाला लागतात. ॲक्सिलरेटर काम सुरू करताना एकदा लावला की झालं. पीटीओ चुकून लागला तर माणसाचा पाय जाईल. सतत लागणारं, एकदाच लावायचं आणि चुकूनही लागू नये असं, ही तीन वेगळी खाती आहेत. तुमच्या वॉल्व्ह ब्लॉकला (तेल वाटून देणाऱ्या ठोकळ्याला) ती एका ओळीत बसवणं सोयीचं होतं म्हणून ऑपरेटरपुढेही एका ओळीत आली, असं तर नाही ना झालं?

खटपट्या

अदितीताई, अगदी तसंच झालंय. स्पूल (वॉल्व्हमधले तेल वळवणारे दांडे) ज्या क्रमानं, लिव्हर त्या क्रमानं. लिंकेज सरळ जातं, खर्च वाचतो.

हात कुठे जातो ते आम्ही पाहिलंय. बकेट असली की उजवा हात बूम-बकेट, बूम-बकेट असा सारखा उड्या मारतो. दोन्ही एकदम हलवायचे तर बोटं फाकवून दोन बोंड धरतात. झाडू लावला की उजवा हात रिकामा, कारण जादा हायड्रॉलिक खाचेत अडकवलं की झाडू फिरत राहतो. ऑगरला पुन्हा तिसरीच तऱ्हा: यंत्र जागेवर उभं, स्टेअरिंगचं काम नाही, पण ऑगर सुलटा-उलटा-सुलटा सतत. म्हणजे तोच लिव्हर एका अवजाराला 'लावा आणि विसरा' आणि दुसऱ्याला 'सोडला की थांबलाच पाहिजे'.

नाना_सर्व्हिस

आयुष्य व्हील लोडरच्या सर्व्हिसमध्ये गेलं, साखर कारखान्यांच्या बगॅस (उसाची चिपाडं) यार्डापासून दगडखाणींपर्यंत. सांध्यात वाकणाऱ्या मशीनचं म्हणून जे वेगळं आहे तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट स्टेअरिंगची. ट्रॅक्टरचं किंवा बॅकोचं मशीन उभं असताना स्टेअरिंग फिरवलं तर फक्त चाकं तिरकी होतात. इथे उभ्या जागी फिरवलं तर बकेटसकट पुढचं अर्धं मशीन बाजूला सरकतं. सांध्याजवळ कोणी उभं असेल तर तो चिमटतो. म्हणून तिथे काम करताना लॉकचा दांडा लावायचा असतो. तो दांडा सीटवरून दिसेल असा लावा आणि त्याला भडक रंग द्या. जाता जाता हेही बघा, की ऑपरेटर चढताना स्टेअरिंगला धरून चढतो का. इंजिन चालू असेल तर तेवढ्यानंही मशीन हलतं. चढायला वेगळी कडी द्या.

दुसरी गोष्ट, ऑर्बिट्रॉल स्टेअरिंग. त्यात स्टेअरिंग आणि सांधा यांच्यामध्ये नुसतं तेल असतं, लोखंडी जोड नसतो. थोडं तेल आतल्या आत गळतं, त्यामुळे मशीन सरळ असतानाची स्टेअरिंगची जागा रोज बदलत जाते. आणि कारसारखं ते आपोआप सरळही होत नाही. वाकवलं की वाकलेलंच राहतं. नवा ऑपरेटर नेमका इथे गोंधळतो. उपाय सोपा: पुढच्या चेसिसवर ऑपरेटरच्या नजरेत येईल असा एक उभा पट्टा आणि त्याच्या रेषेत मागच्या चेसिसवर दुसरा. दोन्ही एका ओळीत दिसले की मशीन सरळ. पैसे शून्य.

तिसरी गोष्ट वजनाची. सरळ मशीन जेवढं वजन उचलून टिकतं तेवढं पूर्ण वाकल्यावर टिकत नाही, कारण मागचं वजन बाजूला गेलेलं असतं. म्हणूनच आयएसओ 14397 या आंतरराष्ट्रीय मानकात चाकांच्या लोडरची क्षमता पूर्ण वाकलेल्या स्थितीत ज्या वजनाला मशीन उलटायला येतं, त्याच्या निम्मी धरतात. बकेट वर, मशीन वाकलेलं, वरून उतार, हे तिन्ही जमून आलं की खेळ खलास. कंट्रोल सोपे करायचे ठरवलंच आहे तर यातलं ओझं ऑपरेटरच्या डोक्यावरून काढा. बूमच्या पिनेजवळ एक प्रॉक्सिमिटी स्विच (लोखंड जवळ आलं की न टेकता कळणारा) टाका. बूम ठरावीक उंचीच्या वर गेला की मशीनचा वेग आपोआप मर्यादेत. त्याला काही करावं लागू नये आणि बंदही करता येऊ नये.

आता जॉयस्टिकचं. मालक म्हणतात ते अगदीच खुळं नाही. कॅटरपिलरच्या मोठ्या लोडरांवर 'स्टिक' म्हणून एक लिव्हर आली, डाव्या हातानं बाजूला ढकलली की वळायचं, त्याच लिव्हरवर पुढे-मागे आणि गिअर. व्होल्वोतही आर्मरेस्टवरचा तसाच छोटा लिव्हर मिळतो. दिवसभर ट्रक भरणाऱ्याच्या खांद्याला मोठा आराम. पण ते दिवसभर एकच काम करणारं मशीन. तुमचं तसं नाही.

शंकासुर

एक भाबडा प्रश्न. 2020 नंतरच्या जगात पाच लिव्हरवर चर्चा का? एक टचस्क्रीन लावा. झाडूचं चित्र दाबलं की सगळं झाडूसाठी सेट. मोबाईल तर सगळ्यांना येतो.

माणदेशी

शंकासुरा, मे महिन्यात बारा वाजता उघड्या मशीनवर बसून स्क्रीन बघ. बोट तेलकट, घाम गळतोय, वरून धुरळा. दिसलं तर सांग.

अदिती_क

शंकासुर, कल्पना अगदी टाकाऊ नाही. अवजार कोणतं हे एकदा सांगणं स्क्रीनवर चालेल, यंत्र उभं असताना. पण यंत्र हलत असताना ज्याला हात लावायचा ते हातानंच सापडलं पाहिजे, डोळ्यानं नाही. डोळे झाडूच्या कडेवर आणि माणसांवर हवेत.

चित्रांचा मुद्दा मात्र घ्या. आयएसओ 6405 मध्ये यंत्रांवरच्या खुणा ठरवून दिल्यात. त्यातला ससा म्हणजे जलद आणि कासव म्हणजे सावकाश. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असते. हाय-लोच्या जागी 'एच' आणि 'एल' लिहिण्यापेक्षा हे बरं. स्टिकर नको, पत्र्यात ठोकून काढा.

ओंटारिओकर

वाचनमात्र होतो, पण विषय हाताखालचा निघाला. मी मूळचा चिपळूणचा, इथे ओंटारिओत हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ काढायच्या कंत्राटावर काम करतो. इथली फुटपाथची यंत्रं बरीचशी अशीच, कमरेत वाकणारी. याच प्रांतातल्या कोर्टलंड गावी ट्रॅकलेस नावाची कंपनी ती बनवते. अमेरिकेत ओहायोतल्या ऑरविलला व्हेंट्रॅक आहे, जी 2020 मध्ये टोरोनं घेतली.

खटपट्या, व्हेंट्रॅकची रचना तुम्ही बघाच. तिला ते एसडीएलए म्हणतात. वेग, दिशा, हिच वर-खाली आणि जादा हायड्रॉलिक, चारही गोष्टी उजव्या हाताशी एका जागी. डावा हात स्टेअरिंगवर, तो तिथून हलतच नाही. भिंतीपर्यंत जायचं, अवजार उचलायचं, मागे यायचं, पुन्हा टेकवायचं, हा खेळ मिनिटाला कितीदातरी होतो आणि उजवा हात जागचा हलत नाही. थंडीत जाड हातमोजे घालूनही चालतं. चालवायला लागल्यावर ते अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

पण यात एक खोच आहे, ती जाहिरातीत लिहीत नाहीत. वेग जर हाताच्या लिव्हरवर असेल आणि यंत्र फुटपाथच्या कडेवरून आदळलं, तर शरीर पुढे जातं, हात पुढे जातो, लिव्हर पुढे जाते, यंत्र आणखी जोरात पळतं. मग माणूस दचकून मागे ओढतो, यंत्र ब्रेक मारतं, शरीर पुन्हा पुढे. यंत्र घोड्यासारखं उधळत राहतं. तुमच्या सी-सॉ पॅडललाही हाच रोग होणार, खड्ड्यात पाय वर-खाली नाचला की. उपाय दोन. एक तर मनगट किंवा टाच टेकायला घट्ट आधार, जो सीटबरोबर हलेल. आणि दुसरा, लिव्हरच्या मुळाशी डँपर, म्हणजे झटका गाळला जातो.

खटपट्या

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्या टेस्ट ट्रॅकवर (म्हणजे शेडच्या मागचं पटांगण) असे हिसके बसतात आणि आम्ही पंपाला दोष देत बसलो होतो. एक शंका: पॅडल सोडलं की हायड्रोस्टॅटिक कचकन थांबतं. बॅकोवरून आलेला ऑपरेटर त्याला ॲक्सिलरेटर समजतो, पाय काढला की गाडी घरंगळेल असं धरून चालतो. फोर्कवरच्या गोण्या त्यामुळे पुढे उडाल्या. थांबणं मऊ करायचं, तर आणीबाणीत काय?

चिकित्सक

दोन वेगळे पॅडल करा, एक पुढे एक मागे, दोन्ही उजव्या पायाला. फिनलंडच्या अवांटच्या छोट्या लोडरवरही पुढे-मागेला दोन वेगळे पॅडल आहेत. पाय एकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो, तेवढ्यात विचार करायला क्षण मिळतो. पॅडल सोडल्यावर वेग उतरताना हळू उतरवा, पण उलटं पॅडल दाबलं तर लगेच. म्हणजे घाबरलेल्या माणसाची जी पहिली प्रतिक्रिया, तीच यंत्र ऐकेल.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय: होज पाईपचे कपलर, म्हणजे पाईप जोडायची टोकं. इथे कोणी बोललंच नाही. अवजार बदलताना दोन पाईप उलटसुलट लागले की लिव्हरचा अर्थच उलटा होतो. झाडू धूळ पुढे उडवायच्या ऐवजी ऑपरेटरच्या तोंडावर. तुम्ही वर कितीही सुंदर जॉयस्टिक द्या, खाली ही भानगड असेल तर सगळं पाण्यात. एका पाईपला मेल, दुसऱ्याला फीमेल टोक द्या, उलटं बसताच कामा नये. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही पाईप एकाच प्लेटवर, एका खटक्यात बसणारे. अवांटवर तसा जोड आहे.

आणि आपल्याकडचं ऊन. अवजार उन्हात पडून राहिलं की पाईपमधलं अडकलेलं तेल फुगतं, दाब चढतो, कपलर आत जाईना होतो. मग हेल्पर हातोडी घेतो. पहिल्याच उन्हाळ्यात कपलरची सीलं गेली म्हणून समजा. दाब सोडायला अवजाराच्या बाजूला एक छोटा वॉल्व्ह ठेवा, आणि तो कळेल अशा जागी.

सीट स्विचचंही सांगून टाकतो. ऑपरेटर उठला की इंजिन बंद, हे कागदावर छान. खड्ड्यात माणूस क्षणभर सीटवरून उडतो, इंजिन बंद पडतं, दोन दिवसांत ऑपरेटर स्विचखाली तार टाकून तो कायमचा चालू करून ठेवतो. मग सुरक्षाही गेली. म्हणून स्विचला सेकंदभराची सवलत द्या, आणि इंजिनाऐवजी फक्त पीटीओ आणि जादा हायड्रॉलिक थांबवा. त्रास नसेल तर तार कोणी टाकत नाही.

द्राक्षवाला

निफाडहून. माझा अनुभव ट्रॅक्टरचा आहे, पण मुद्दा लागू पडेल.

आपल्या ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला दोन लिव्हर असतात, पोझिशन आणि ड्राफ्ट. रोटाव्हेटरला पोझिशन, नांगराला ड्राफ्ट. ड्राफ्टवर टाकलं की जमीन कडक लागताच टॉप लिंकवरचा (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्यावरचा) दाब वाढतो आणि ट्रॅक्टर स्वतःच नांगर जरासा उचलतो, पुन्हा मऊ लागली की खाली. हॅरी फर्ग्युसनची ही युक्ती, 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन 9एन ट्रॅक्टरवर ती गावोगावी पोचली. त्याआधी नांगरटीत माणूस दर चार पावलांना खोली सांभाळत बसायचा. लिव्हरची संख्या हा प्रश्नच नव्हता, ते कामच माणसाकडून काढून घेतलं. तुमच्या झाडूला आणि गवताच्या डेकला जमिनीचा चढउतार सांभाळायचं काम ऑपरेटरकडे ठेवलंय की काय?

अवांतर: इटलीत द्राक्षबागांसाठी सांध्यात वाकणारे ट्रॅक्टर बनतात, आंतोनिओ कारारोसारखे. त्यांच्या काही मॉडेलांत सीट, स्टेअरिंग, पॅडल असं अख्खं पॅनेल उलटं फिरतं, म्हणजे मागचं अवजार समोर येतं. पाहताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला, की फिरल्यावर 'पुढे' कोणतं? माणसाचं पुढे की यंत्राचं? तोंड ज्या बाजूला, तेच पुढे असायला हवं.

नाना_सर्व्हिस

द्राक्षवाले, फ्लोटची आठवण केलीत ते बरं झालं. खटपट्या, झाडू, डेक आणि ब्लेडसाठी बूमला फ्लोट हवाच. स्पूलची ती जागा, जिथे सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात आणि अवजार स्वतःच्या वजनानं जमिनीवर टेकून चढउतार पकडत जातं.

पण सावध राहा. ही जागा बहुधा लिव्हर पुढे, बूम खाली घेण्याच्याही पलीकडे, खाचेत असते. बकेट भरून डोक्यावर आणि हात घाईनं पलीकडे गेला, तर सगळं धाडकन खाली. एका यार्डात असं होताना बघितलंय. खाली ट्रॉली होती, माणूस नव्हता. फ्लोटला वेगळं बटण दाबावं लागलं पाहिजे, आणि बूम खाली असतानाच ते लागू झालं पाहिजे. तो वर सांगितलेला प्रॉक्सिमिटी स्विच इथेही कामाला येतो.

शंकासुर

माघार घेतो. स्क्रीनपेक्षा हे इंटरेस्टिंग आहे. वाचतोय.

चिकित्सक

एक खर्चाची बाजू. इलेक्ट्रिक जॉयस्टिक आणि प्रपोर्शनल (हात जेवढा हलेल तेवढंच तेल सोडणारे) वॉल्व्ह घेतले तर जे हवं ते करता येतं: वेगाची चढउतार, मर्यादा, अवजाराप्रमाणे सेटिंग. पण बिघडलं की लॅपटॉपवाला माणूस लागतो, आणि तो तालुक्याला नसतो. साधा केबलचा किंवा लिंकेजचा लिव्हर तुटला तर वेल्डिंगवाला गल्लीतच. बूम-बकेट यांत्रिक ठेवा. जादा हायड्रॉलिक साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडवर (विजेनं उघडझाप होणाऱ्या वॉल्व्हवर). सोलेनॉइडची वायर तुटली तर अवजार थांबेल, पण बूम खाली घेऊन मशीन घरी तरी येईल.

खटपट्या

धन्यवाद मंडळी. मालकांसमोर आता हे मांडणार आहे.

स्टेअरिंग चाकच राहील, वर डाव्या हातासाठी नॉब. उजवीकडे एकच दोन-दिशी यांत्रिक लिव्हर: मागे ओढला की बूम वर, पुढे ढकलला की खाली, डावीकडे बकेट आत, उजवीकडे बाहेर. लोडरवाल्यांची सवय हीच आहे, तिला हात लावत नाही. लिव्हरच्या डोक्यावर अंगठ्याखाली सोडलं-की-थांबणारं एक बटण, सुलट-उलट, ऑगरसाठी. झाडूला लागणारा सततचा प्रवाह वेगळ्या स्विचवर, पॅनेलवर, झाकणाखाली. ऑपरेटर उठला की तो स्विच बंद पडेल आणि परत बसल्यावर आपोआप चालू होणार नाही, पुन्हा लावावा लागेल. पीटीओ वर ओढायच्या लाल बोंडावर, हात सहज जाणार नाही अशा जागी. ॲक्सिलरेटर डावीकडे, ससा-कासव. पॅडल दोन, चपलेची रुंदी धरून, मध्ये उभी पट्टी. मनगटाचा आधार सीटला जोडलेला. नानांचे दोन पट्टे आजच रंगवले.

एक प्रश्न उरलाय. गवताचा डेक लावला की बकेटचा सिलिंडर सोडवलेला असतो, म्हणजे लिव्हरची डावी-उजवी हालचाल रिकामी. तिथे डेकचा कोन बदलायचं काम द्यावं का? हाताशीच आहे.

नाना_सर्व्हिस

देऊ नका. त्या हालचालीचा अर्थ बकेट. अवजार बदललं म्हणून अर्थ बदलायला लागलात की माणदेशींच्या दोन बॅकोंची गोष्ट तुम्ही एकाच मशीनमध्ये आणलीत.

ओंटारिओकर

नाना, इथे थोडा मतभेद. बर्फाच्या ब्लेडचा कोन मी दर दहा फुटांवर बदलतो; कडेला झाड आलं, गेट आलं. तो जर पॅनेलवरच्या स्विचवर असता तर काम झालंच नसतं. डावी-उजवी हालचाल ब्लेडला डावी-उजवीकडे वळवत असेल तर ते हाताला नैसर्गिक वाटतं, शिकवावं लागत नाही.

नाना_सर्व्हिस

ब्लेडचं पटतं, कारण हात जिकडे, ब्लेड तिकडे. गवताच्या डेकचा कोन वर-खाली होतो, त्याला डावी-उजवीचा काही संबंध नाही. मग असं करा खटपट्या: अवजार ज्या दिशेला हलतं त्याच दिशेला हात हलत असेल तर ती हालचाल द्या. नसेल तर रिकामी सोडा आणि डेकचा कोन पिन घालून हातानं लावू द्या. तो दिवसातून एकदाच बदलतो.

माणदेशी

पिन साखळीला बांधा म्हणजे झालं. मोकळी पिन रानात आठ दिवस टिकत नाही, मग तिथं सळई घालत्यात.